रुखमाबाईपाशी अडणारा व्हिडिओ

शनिवारी दुपारी मेडशीत माणिकराव पडघानांच्या घरी टीव्हीसमोर तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकही धड बसलेलं नव्हतं. माणिकराव खुर्चीच्या अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, कुणी घंटी दिली की निघायचंच अशा बेतात. त्यांची बायको भागिरथाबाई मेथी निवडायला घेऊन बसलेली, पण पानं कचऱ्यात आणि काड्या टोपलीत पडत होत्या. आणि त्यांची मुलगी पौर्णिमा, जिनं हा सगळा घाट घातला होता, ती हातात रिमोट घेऊन उभीच.

टीव्हीच्या मागे पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला. बासरीची धून सुरू झाली. पडद्यावर खाकी कपड्यांतले तरणेबांड माणिकराव एसटीच्या बॉनेटला हात लावून उभे दिसले. फोटो हळूहळू डावीकडे सरकू लागला. तो तसा सरकावा म्हणून पौर्णिमानं आठवडाभर डोकं घातलं होतं. जरासा सरकला आणि थांबला. मग एकदम उडी मारून पुढे गेला, पुन्हा थांबला, आणि त्याच्यावर पुढचा फोटो अर्धाच येऊन चिकटला. बासरी मात्र न अडखळता वाजत राहिली.

“काय झालं व?” भागिरथाबाईंनी विचारलं.

“अटकून राह्यला,” पौर्णिमा म्हणाली. “होईन सुरू.”

“गिअर पडून नाई राह्यला त्याचा,” माणिकराव म्हणाले. उभी हयात एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस. कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांना आधी गिअर आठवायचा.

फोटो तसेच धक्के खात पुढे गेले. पौर्णिमाच्या बारशाचा, वाशीमच्या डेपोतला, शेतातल्या विहिरीवरचा. मग एक जुना काळापांढरा फोटो आला आणि व्हिडिओ तिथे जो रुतला तो हलेचना. पडद्यावर गोल चकरी फिरायला लागली. पौर्णिमानं रिमोटची बटणं दाबून पाहिली, टीव्हीच्या मागे हात घालून पेनड्राइव्ह हलवून पाहिला. बऱ्याच वेळानं पडदा एकदम उजळला, तो थेट माणिकराव-भागिरथाबाईंच्या लग्नाच्या फोटोवर.

“आता जो अडला, तो मायचा होता काय?” माणिकरावांनी विचारलं.

“हाव बाबा.”

“मले नाई दिसली.”

एवढंच बोलून ते उठले आणि भिंतीला हात लावत अंगणात गेले.

माणिकरावांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. निवृत्त झाल्यावर ते दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागले, शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या कलंडवायला लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं वय झालं. चष्मा बदलला. फरक पडला नाही. शेवटी पौर्णिमानं त्यांना अकोल्याला नेलं, तोवर डावा डोळा गेलेलाच होता. उजव्यातही कडेकडेनं अंधार चढत आला होता आणि मधोमध, नळीतून पाहावं तेवढंच उरलं होतं. थेंब घालूनही डोळ्यातला दाब उतरेना, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. सरळ माणूस होता. म्हणाला, “गेलेलं परत येणार नाही. उरलेलं वाचवायला हे करायचं. बहुतेक वाचतं. पण एवढं थोडं शिल्लक असताना कधी कधी ऑपरेशननंतर तेही जातं. क्वचित होतं, पण होतं. मी लपवणार नाही.”

येताना पातूरच्या घाटातून मेडशीपर्यंत माणिकराव पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, “मंगळवारचं करू. पण त्याच्या आधी मले घरातले सगळे फोटो पाहू द्या. मायचा तं पाहिजेच. पाहल्याबगर मी निघत नाई.”

माय म्हणजे रुखमाबाई. माणिकराव लहान असतानाच ती वारली होती आणि तिचा जगात एकच फोटो होता, जयंतीच्या दिवशी विहारासमोर काढलेला, बायाबापड्यांच्या घोळक्यातला, पोस्टकार्डाहून लहान. अल्बम उघडून दिला तर माणिकरावांना सगळा काळोखच दिसायचा. चकचकीत कागदावर उजेड पडला की तोही जायचा. म्हणून पौर्णिमाला टीव्हीची कल्पना सुचली. ती मालेगावला सेतू केंद्रावर कॉम्प्युटरवर बसायची, दिवसभर लोकांचे दाखले काढून द्यायची. तिथल्याच स्कॅनरवर तिनं एकेक फोटो स्कॅन केला. रुखमाबाईंचा करताना तर तिनं यंत्राची सगळ्यात वरची पायरी लावली. आजीचा एक केसही सुटू नये, असं तिच्या मनात होतं. सगळ्या फोटोंना तिनं चाल दिली, कुणी जवळ येईल, कुणी सरकेल. आणि व्हिडिओ काढताना जिथे जिथे सगळ्यात उत्तम काय म्हणून विचारलं, तिथे तिथे तिनं सगळ्यात उत्तम निवडलं.

आणि आता तो चालत नव्हता.

शनिवारची उरलेली दुपार पौर्णिमानं घरात येरझारा घालण्यात काढली. तिच्या पायाला मुळातच भिंगरी. त्यात आज तर तिला पाठ टेकवत नव्हती. शेजारच्या चतुराबाईंच्या घरून दुसरा पेनड्राइव्ह मागून आणला. तेच. मग तिला वाटलं, काढतानाच काहीतरी कमी पडलं असेल, म्हणून तिनं आणखी वरचा दर्जा निवडून व्हिडिओ पुन्हा काढायला लावला. लॅपटॉपवर निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पौर्णिमा पाहायची, अंगणात जायची, परत येऊन पाहायची. पट्टी होती तिथेच.

“पाहून थे लवकर होते काय?” भागिरथाबाई म्हणाल्या.

“मंग काय करू मी?”

“चाय ठेव.”

चहा उतू गेला. दिवस कलला तेव्हा नवा व्हिडिओ तयार झाला आणि तो आधीच्यापेक्षा वाईट निघाला. पहिल्याच फोटोवर अडकला. केबल जोडून सरळ लॅपटॉपवरूनच टीव्हीवर दाखवावं म्हटलं, तर तो जुना लॅपटॉप स्वतःच धापा टाकायला लागला. पंखा घरघरायचा आणि चित्र दोन पावलं चालून उभं राहायचं.

माणिकराव दारात उभे राहून ऐकत होते. बासरी वाजायची, तुटायची, पुन्हा पहिल्यापासून वाजायची.

“राहू दे व पोरी,” ते म्हणाले. “नसन होत तं मंगळवारचंही राहू दे. दिवाळीनंतर पाहू.”

“दिवाळी होऊन गेली बाबा.”

“मंग पुढच्या.”

पौर्णिमानं केबल गुंडाळायला घेतली. बाबा घाबरलेत हे तिला कळत होतं आणि व्हिडिओ हे त्यांना सापडलेलं निमित्त आहे हेही कळत होतं. पण निमित्त असलं तरी ते खरं होतं. आईचा चेहरा एकदा पाहून घेऊ दे, एवढंच तर ते मागत होते. आणि मंगळवार टळला की ते पुन्हा गाडीत बसणार नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप पाठीला लावून वाशीमच्या बसमध्ये चढली. बस रिकामी होती, तरी ती मालेगावपर्यंत दांडा धरून उभीच राहिली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, ताई बसा. ती बसली आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा उठली.

वाशीमला बसस्टँडपासून जवळच, एका माडीवर हरीओमचं दुकान होतं. कॉलेजात तो तिच्या पुढच्या वर्गात होता. आता लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायचा. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक नवरदेव आपल्याच हळदीचा व्हिडिओ उभ्यानं पाहत होता आणि आपलं पोट कमी दिसेल का म्हणून विचारत होता.

“बुधवारी ये,” हरीओम पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “बुधवारी निवांत पाहून देतो.”

“बुधवारी नाई जमत. मंगळवारी बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये. त्याच्या आधी त्याहिले दाखवाचा हाये.”

हरीओमनं खुर्ची वळवली. नवरदेवाला म्हणाला, “दादा, तुमी चाय घेऊन या बरं खालून.” आणि पौर्णिमाचा पेनड्राइव्ह घेऊन आपल्या मशीनला लावला.

त्याच्या मशीनवर व्हिडिओ लोण्यासारखा चालला. पौर्णिमाला रडू यायचंच बाकी राहिलं. “घरी नाई चालत असा,” ती म्हणाली. “खरंच नाई चालत.”

“नाईच चालणार. व्हिडिओत बिघाड नाई काही. थो जड हाये.” त्यानं एक खिडकी उघडून आकडे दाखवले. “हे पाह्य, फोर-के काढला तू, एचडीच्या चौपट. वर सेकंदाले साठ फ्रेम. सिनेमावाले चोवीसमध्ये भागवतात. टीव्हीच्या आतमधला कॉम्प्युटर म्हणजे खेळण्यातला असते. पेनड्राइव्हवरून एवढा माल त्याच्याकडे येते, थो उलगडेपर्यंत पुढचा येऊन पडते. मंग थो मधातले फोटो टाकून देते. तुले दिसते, अटकला.”

“मी तं चांगल्यात चांगलं निवडलं होतं.”

“सगळेच निवडतात.” त्यानं व्हिडिओ पुढे नेला. “कुठी जास्त अटकते?”

“आजीच्या फोटोपाशी.”

रुखमाबाईंचा फोटो पडद्यावर आला. हरीओमनं तो मोठा केला, इतका की माणसं गेली आणि नुसते काळे-करडे दाणे उरले, शेतात सांडलेल्या तिळासारखे.

“जुन्या फोटोत हे दाणे असतात. तू मोठ्यात मोठा स्कॅन केला म्हणून सगळे आले. त्यात तू फोटो जवळ जवळ आणून राह्यली. म्हणजे दर फ्रेमले यातला हरेक दाणा आपली जागा बदलते. माणूस हलला तं व्हिडिओले सोपं असते, अंगण हललं तरी सोपं. पण लाखभर दाणे एका वक्ती हलले तं टीव्हीनं काय करावं? थो तिथी बसते डोकं धरून.”

“मंग काय करू?”

“फुल एचडीच ठेव. सेकंदाले पंचवीस फ्रेम. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाले जाणारा माल, उतरव, मी लिहून देतो किती. फोटो आधीच लहान करून घे, मंग सॉफ्टवेअरमध्ये टाक. आन हे सरकणं, जवळ येणं, सगळं बंद कर. उभे फोटो. एक गेला की दुसरा.” मग तो थांबला आणि त्याच्या धंद्यातली एक गोष्ट आठवल्यासारखा म्हणाला, “पण पडदा भरून ठेवजो. काळ्या पट्ट्या सोडल्या तं माल सस्ता दिसते.”

त्यानं तिच्यासमोरच रुखमाबाईंचा एकच फोटो तसा काढून दुकानातल्या साध्या टीव्हीवर लावून दाखवला. अडला नाही. नवरदेव चहा घेऊन वर आला तेव्हा पौर्णिमा जिना उतरत होती. तिनं हरीओमचे आभार मानले की नाही, हेही तिला नंतर आठवेना.

घरी पोचली, फोटो लहान करायला बसली, आणि लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. वायर सुटली की तो विझायचा. रविवारी लाइन आलीच नाही. कुठेतरी तार तुटली होती म्हणे. सोमवारी सकाळीही नाही. अकोल्याला दवाखान्यात सोमवारी संध्याकाळीच भरती व्हायचं होतं, म्हणजे चारची बस धरणं भाग. पौर्णिमा दर थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी जाऊन विजेच्या डीपीकडे पाहून यायची. तिनं पाहिल्यानं लाइन येणार नव्हती. तरी जायची.

माणिकरावही घरात ठरत नव्हते. पिशवीत भरलेलं धोतर बाहेर काढायचे, पुन्हा घालायचे. भागिरथाबाईंनी पिशवीच उचलून आतल्या खोलीत ठेवली, तेव्हा ते दारात जाऊन उभे राहिले.

“फुलचंद चालला,” ते म्हणाले. “आज पांढरी टोपी नाई घातली त्यानं.”

फुलचंद चौकाच्या पलीकडून चालला होता.

अकराच्या सुमारास लाइन आली. पौर्णिमा लॅपटॉपवर तुटून पडली. हरीओमनं सांगितलं तसं सगळं केलं. चाल काढून टाकली, आकडे उतरवले, प्रत्येक फोटो पडदाभर पसरवला. परवा अख्खी दुपार खाणारी निळी पट्टी या वेळी झराझर पुढे गेली. तिनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

बासरी सुरू झाली. खाकीतले माणिकराव आले, थांबले, गेले. पुढचा आला. कुठेही धक्का नाही, अडखळणं नाही. काळापांढरा फोटो आला, पडदाभर, स्थिर, आणि आपल्या वेळेला शांतपणे गेला. पौर्णिमानं रिमोट खाली ठेवला.

मग तिनं बाबांकडे पाहिलं. माणिकराव खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून, नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकून बसले होते आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवत होते. झाडाआड गेलेलं पाखरू शोधावं तसे.

“दिसला ना बाबा?”

“बटन दिसलं एक,” माणिकराव म्हणाले. “खाकी. मंग कोणाचा तरी कान. मायचा आला होता काय?”

“आत्ताच गेला.”

“लुगड्याचा काठ दिसला मले. काठावरून वर चढेपर्यंत गेला थो.” ते खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. “चांगला केला तू. चालून राह्यला मस्त. पाहलं समजू मी. आता असं कर, डॉक्टरले फोन लाव आन सांग, पुढच्या महिन्यात येतो.”

पौर्णिमा खाली बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा काही न करता बसली असेल. आता यापुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. व्हिडिओत काही चूक उरली नव्हती.

भागिरथाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून चुलीपासून उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “तुमाले चौकातल्या फुलचंदनं टोपी घातली का नाई थे दिसते. आन ताटातली भाकर दिसत नाई, हात फिरवून शोधता. असं कसं व्हय, सांगा मले. दुरून दिसते आन जवळून दिसत नाई?”

“आता मी काय सांगू? हाये थे हाये.”

“नाई, मी इचारून राह्यली. मले खरंच समजत नाई.”

पौर्णिमा आईकडे पाहत राहिली. तिला दवाखान्यातला डॉक्टर आठवला, त्यानं मुठीची नळी करून डोळ्याला लावून दाखवली होती. तिनं तशीच मूठ केली आणि डावा डोळा मिटून टीव्हीकडे पाहिलं. पुढ्यात बसून पाहिलं तर पडद्याचा एक तुकडा. ती तशीच मागे सरकली. तुकडा मोठा झाला. भिंतीपर्यंत गेली. अर्धा पडदा. दारातून बाहेर, ओट्यावर पाऊल टाकलं, तेव्हा मुठीच्या नळीत अख्खा टीव्ही मावला, भिंतीवरच्या घड्याळासकट.

ती धावत आत आली. “बाबा, थांबा. फोन नाई लावत मी. थोडा वेळ द्या.”

“बस चुकन.”

“नाई चुकत.”

बाबांची नळी मुठीहूनही अरुंद असणार, म्हणून तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. पडदाभर पसरवलेले फोटो तिनं आवळून मधोमध लहान केले, सगळीकडून काळं सोडून. एकाही फोटोची कड कापली जाणार नाही असं पाहिलं. हरीओमला आवडलं नसतं. पट्टी भरेपर्यंत तिनं खिडक्यांवर चादरी टांगल्या आणि खोलीत अंधार केला.

“आता खुर्ची मांगं घ्या,” ती म्हणाली. “बसल्या बसल्या सरका. मी सांगतो.”

माणिकराव बसले. पाय जमिनीला लावून खुर्ची मागे रेटू लागले. पौर्णिमा त्यांच्या मागे उभी राहून बोलायला लागली, आणि ते डेपोतले बोल तिच्या तोंडून आपोआपच आले. “येऊ द्या. येऊ द्या. जरा उजव्या अंगानं. येऊ द्या. उंबरठा हाये, थांबा.” तिनं आणि भागिरथाबाईंनी खुर्ची उचलून उंबरठ्याबाहेर ठेवली. “अजून येऊ द्या. बस.”

गल्लीतून जाणाऱ्या चतुराबाई थबकल्या. माणिकराव घराबाहेर बसून घरात पाहत होते.

बासरी सुरू झाली. आत अंधारात पहिला फोटो उजळला. माणिकरावांची मान हलली नाही.

“रिसोडची गाडी,” ते म्हणाले. “हिचा क्लच जड होता. हा मी. लय वाळलो होतो व मी.”

पुढचा. “ही तू. डोक्यावर कुंची. रडून राह्यली.”

पुढचा. “डेपो. हा भाऊसिंग, हा रामधन. रामधन गेला बिचारा.”

पौर्णिमा त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि तिला पडद्याकडे पाहायचं भान नव्हतं. ती बाबांच्या कानामागच्या पांढऱ्या केसांकडे पाहत, ते प्रत्येक फोटोचं नाव घेतात की नाही एवढंच ऐकत होती. काळापांढरा फोटो आला तसं तिनं रिमोटचं बटण दाबून तो थांबवला.

माणिकराव गुडघ्यांवर हात रोवून पाहत राहिले. भागिरथाबाई पदराला हात पुसत बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

“मांगच्या रांगेत,” शेवटी ते म्हणाले. “पदर कानामांगं घेतलेली. तीच ना?”

“हाव, तीच.”

“हसून नाई राह्यली. बाकीच्या सगळ्या हसून राह्यल्या पाह्य. ही खाली पाहून राह्यली.”

“कुठी खाली?”

“तिच्या हाताकडे.”

पौर्णिमानं पाहिलं. रुखमाबाईंच्या हातापाशी, फोटोच्या अगदी कडेला, एक धुरकट डाग होता. स्कॅन करताना तिनं तो पाहिला होता. कागदाला ओल लागली असेल असं समजून पहिल्या व्हिडिओत तिनं फोटो असा जवळ आणला होता की डाग बाहेर राहावा. मघाच्या व्हिडिओत तो पडदा भरताना कापलाच गेला होता. आता पहिल्यांदाच फोटो चारी कडांसकट पडद्यावर होता.

“थो डाग हाये बाबा. जुना फोटो हाये.”

“डाग नाई. थो मी हावो.” माणिकराव म्हणाले. “फोटोवाला वाशीमवरून आला होता. काळ्या कपड्यात डोकं घालून म्हणे, हलू नका. मले कुठी राहवते? तिकडे विहारामांगं लेझीम चालू होती, मले तिकडे जायचं होतं. मायनं मनगट धरून ठेवलं माह्यं. म्हणे, थांब रे, थांब जरासाक. मी ओढूनच राह्यलो.” त्यांनी आपल्या मनगटावरून हात फिरवला. “म्हणून ती खाली पाहते. सगळ्या फोटोत एकटी तीच कॅमेऱ्याकडे पाहत नाई. माह्याकडे पाहते.”

चतुराबाई फाटकापाशीच उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. भागिरथाबाई म्हणाल्या, “अजून तरी कुठी राहवते तुमाले एका जागी.”

उरलेले फोटो पाहून झाले. लग्नाच्या फोटोपाशी माणिकरावांनी स्वतःच थांबव म्हणून सांगितलं आणि भागिरथाबाई लाजून आत निघून गेल्या. मग ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, “पिशवी कुठी ठेवली व? चार वाजत आले.”

बस मिळाली.

मंगळवारी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर पौर्णिमा बसली, उठली, पाण्याच्या नळापर्यंत गेली, परत आली. भागिरथाबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढून डोळ्यांसमोर बोटं धरली, तेव्हा माणिकरावांना नुसतं दुधासारखं दिसलं. बोटं मोजता आली नाहीत. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, धीर धरा. धीर धरणं हे त्या घरात कुणालाच येत नव्हतं, पण धरावा लागला. पुढचे दिवस पौर्णिमा वेळेवर थेंब घालायची आणि काही विचारायची नाही. बाबाही काही सांगायचे नाहीत. सकाळी उठून दारात जायचे, चौकाकडे तोंड करून उभे राहायचे आणि परत आत यायचे.

एका सकाळी ते दारात उभे राहिले ते आत आलेच नाहीत. पौर्णिमानं वाकून पाहिलं.

“फुलचंदनं टोपी घातली आज,” ते म्हणाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दाब मोजला, उतरला होता. जेवढं उरलं होतं तेवढं राहिलं. वाढलं नाही, कमी झालं नाही. दर महिन्याला जायचं, थेंब जन्मभर, आणि पुढचं पुढे, असं त्यांनी सांगितलं.

आता गावातले लोक माणिकरावांना भेटायला येतात. तोंडाजवळ तोंड नेऊन विचारतात, ओळखलं काय काका. माणिकराव त्यांना हात करून मागे पाठवतात. “दूर जाय. अजून मांगं. फाटकापाशी उभा राह्य, मंग सांगतो.” लोकांना गंमत वाटते. कुणाकुणाला राग येतो.

पौर्णिमा रोज सकाळी मालेगावच्या बसला निघते. ती घरातून बाहेर पडताना बाबा तिच्याकडे पाहत नाहीत, ती अंगणात असतानाही नाही. ती गल्ली ओलांडते, पिठाच्या गिरणीपाशी पोचते, तिथे घाई असली तरी एकदा थांबून मागे वळते. मग ओट्यावर बसलेले माणिकराव हात वर करतात.